गाळात गेलेला बंधारा

पावसाळ्यात वर्तमानपत्रात ठरलेली बातमी येते: नांदूरमध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके हजार क्युसेक विसर्ग. निफाड तालुक्यात गोदावरीला कादवा मिळते, तिथला हा बंधारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तो कालव्यांसाठी बांधला आणि तेव्हापासून दोन्ही नद्या आपला गाळ त्याच्या पोटात ओतत आल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा.

पण याच गाळाने पाणी उथळ झालं, मधे बेटं उठली, काठाला पाणकणीस माजलं. हिवाळ्यात येणारं तलवार बदक सहसा बुडी मारत नाही. शेपटी वर, डोकं खाली करून मान पोचेल तेवढ्याच तळातलं बी-किडूक ते टिपतं. खोल धरणाचा त्याला काय उपयोग? थापट्या बदकाच्या चोचीच्या कडेला बारीक दात्यांची चाळणीच असते. चमचा पक्षी अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो आणि काही लागलं की मिटतो. शिकार स्पर्शावर चालत असल्याने गढूळपणाचं त्याला फारसं वावडं नाही.

पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो. त्याचं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही ऑक्सिजन पकडून ठेवतं. इतकं उंच उडून तो उतरतो निफाडच्या चिखलात! काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या पाणपक्ष्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात. इंग्रजांना त्याच कपाळात टक्कल दिसलं. मला आपलं नाव आवडतं.

कमळपक्ष्याचा संसार मात्र पावसाळ्यातला, तरंगत्या पानांवरचा. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. उबवणं नि पिलं सांभाळणं नराकडे. धोका वाटला तर तो अंडी चोचीने ढकलत दुसरीकडे हलवतो. पाणी हळूहळू चढलं तर पानासोबत घरटंही चढतं. एकदम लोंढा आला, की त्या बातमीतले क्युसेक थेट या घरट्यावरून जातात.

इथलं अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. पुढे जानेवारी 2020 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीतलं महाराष्ट्राचं पहिलं नाव म्हणून त्याची घोषणा झाली. पक्ष्यांच्या 230 हून अधिक जातींची इथे नोंद आहे. गाळ सरसकट उपसा म्हणणाऱ्यांनी थापट्याच्या चोचीकडे एकदा बघावं. आणि गाळ असाच साचू द्या म्हणणाऱ्यांनी जलपर्णीकडे. तिने पाणी झाकलं, की बदकांना उतरायलाही जागा उरत नाही.

कालव्याला आवर्तन सुटून पाणी वीतभर उतरलं, की काठाचा नवा चिखल उघडा पडतो आणि लांब लाल पायांचे शेकाटे त्यात चोची खुपसत फिरू लागतात.