आधी जीभ, मग कोपर

कोपरावरचे डाग दाखवायला गृहस्थ बाही वर सारून बसलेत, पण डॉक्टरबाई आधी जीभ बघतात. टोक लालबुंद, वर पिवळसर थर. मग मनगट छोट्या उशीवर. तीन बोटं हलकी टेकतात, दाबतात, पुन्हा सैल होतात. एक हात झाला की दुसरा. तहान फार लागते का? झोप? पोट साफ होतं का? मध्यंतरी घसा धरला होता का?

घसा धरला होता. त्यानंतरच पाठभर लाल ठिपके उठले. घशातल्या जंतुसंसर्गानंतर सोरायसिस असा उसळतो, हे आधुनिक त्वचारोगतज्ज्ञही जाणतात. मात्र ते प्रतिकारशक्तीच्या गोंधळाबद्दल बोलतील. एरवी त्वचेचा थर बदलायला महिनाभर लागतो, इथे काही दिवसांतच नवा थर वर ढकलला जातो, म्हणून हे चंदेरी पोपडे. तैपेईतल्या या दवाखान्यात निदान होतं ‘रक्तात उष्णता’.

आता कुठे कोपराची पाळी येते. डॉक्टरबाई पोपडा नखाने जरासा खरवडतात. खाली रक्ताचे बारीक थेंब. ताजा, लालभडक, पसरणारा डाग म्हणजे उष्णता. जुना, फिकट, कोरडा, भुसा झडणारा असेल तर रक्ताचा कोरडेपणा. जाड, काळपट, वर्षानुवर्षं जागा न सोडणारा असेल तर साकळलेलं रक्त. आजार रक्ताच्या अंगाने वाचण्याची ही रीत विसाव्या शतकात बीजिंगच्या चाओ पिंगनान (1899–1984) यांनी पक्की केली. आपल्याकडच्या वैद्याचा दवाखाना पाहिलेल्याला नाडी-जीभ परकी वाटणार नाही, पण इथे हिशेब वात-पित्ताचा नाही.

उष्णतेवर रेहमानियाचं मूळ आणि सोफोराच्या कळ्या, साकळलेल्यावर लाल मुळाचं तानशेन. थोडक्यात, त्याच माणसाची चिठ्ठी महिन्याभराने वेगळी असू शकते. मातीच्या भांड्यात काढा आटवणं आता कमीच. 1995 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात चिनी औषधोपचारही येतो, पण प्रामुख्याने तयार औषधी चूर्णांचा. काउंटरमागे यंत्र दिवसाला तीन अशा पुड्या भराभर चिकटवत असतं.

खरी गंमत मलमात आहे. ते निळं असतं, कारण त्यात छिंगदाय आहे: निळीची पानं पाण्यात कुजवायची, चुना घालून पाणी घुसळायचं, वर येणारा फेस काढून वाळवायचा. तैवानच्या चांग गुंग रुग्णालयातल्या संशोधकांनी 2008 मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध केली. 42 रुग्ण, प्रत्येकाच्या एका डागावर निळं मलम, दुसऱ्यावर औषध नसलेलं. निळ्या बाजूचे डाग ठळकपणे निवळले. त्यातल्या इंडिरुबिनमुळे त्वचेच्या पेशींची अवाजवी वाढ आवरते.

पण त्या चाचणीत कुणाच्या जिभेवरून मलम बदललं नव्हतं. सगळ्यांना एकच मलम. माणसागणिक औषध बदलण्याचा अभिमान बाळगणाऱ्या परंपरेतून कसोटीला सर्वांत नेटकं उतरलं ते माणसागणिक न बदलणारं औषध! मला यात पराभव दिसत नाही. पण ‘रक्तातली उष्णता’ मोजून दाखवणं निळीइतकं सोपं नाही, हे मान्य करावंच लागतं.

निळीलाही बाहेरच ठेवलेलं बरं. जपानमध्ये तिचं चूर्ण पोटात घेणाऱ्यांना फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचं आढळलं आणि 2016 मध्ये सरकारला इशारा द्यावा लागला. लेइगुंगतंग या वेलीचं मूळ दाह कमी करतं खरं, पण यकृत आणि प्रजननक्षमता बिघडवू शकतं. आणि ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या काही डब्यांत गुपचूप स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवसांत जादू झाली, तर संशय घ्यावा.

आमच्या गृहस्थांना मिळालेल्या सूचना साध्या आहेत: मलम रात्री, जुना सदरा घालून, कारण डाग कपड्यावरून जात नाही. मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसवरचं आधुनिक औषध चालू असेल तर स्वतःहून बंद करायचं नाही. आठवड्याने पुन्हा जीभ बघणार. ती बदललेली दिसली तर पुड्या बदलतील, मलम तेच राहील.