उम्रीगर, पहलन रतनजी (पॉली)

उम्रीगर, पहलन रतनजी : (२८ मार्च १९२६–७ नोव्हेंबर २००६). विख्यात भारतीय क्रिकेटपटू, भारतीय कसोटी संघाचे कर्णधार आणि निवृत्तीनंतर संघव्यवस्थापक, निवडसमितीचे अध्यक्ष व क्रिकेटचे मार्गदर्शक. क्रिकेटजगतात ते ‘पॉली’ या नावाने परिचित होते. १९४८ ते १९६२ या काळात ते ५९ कसोटी सामने खेळले. निवृत्तीच्या वेळी कसोटी सामने, धावा व शतके या तिन्ही बाबतींत भारतीय खेळाडूंमध्ये त्यांचा क्रमांक पहिला होता. भारतीय संघाला स्वतंत्र प्रशिक्षक नसे, त्या काळात निवृत्त खेळाडूचा अनुभव पुढच्या पिढीपर्यंत पोहोचविण्याचे काम संघव्यवस्थापक व निवडकर्ते यांनाच करावे लागे. उम्रीगरांनी ही दोन्ही कामे केली. त्यामुळे त्यांच्या खेळाइतकीच त्यांची नंतरची कारकीर्दही महत्त्वाची आहे.

पूर्वजीवन : त्यांचा जन्म सोलापूर येथे एका पारशी कुटुंबात झाला. सोलापूर हे त्या काळी कापडगिरण्या व हातमाग यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर होते. उम्रीगरांच्या वडिलांचा व्यवसायही कापडाचाच होता. पॉली शालेय वयात असतानाच हे कुटुंब मुंबईस स्थायिक झाले. तेथे सेंट झेवियर महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. क्रिकेटखेरीज हॉकी व फुटबॉल हे खेळही ते खेळत. १९४४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत पारशी संघातर्फे त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्व केले. ऑक्टोबर १९४८ मध्ये भारताच्या दौर्‍यावर आलेल्या वेस्ट इंडीज संघाविरुद्ध विद्यापीठांच्या संयुक्त संघातर्फे त्यांनी नाबाद ११५ धावा काढल्या. या खेळीमुळे निवडकर्त्यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर ते पहिला कसोटी सामना खेळले.

खेळाची वैशिष्ट्ये : सहा फुटांहून अधिक उंची व भक्कम बांधा लाभलेले उम्रीगर उजव्या हाताने फलंदाजी करीत. पुढे येऊन जोरकसपणे चेंडू टोलविणे, ही त्यांची खासियत होती. फिरकी गोलंदाजीवर ते विशेष अधिकार गाजवीत. मध्यमगती गोलंदाजी व ऑफब्रेक हे दोन्ही प्रकार ते सामन्याच्या गरजेनुसार हाताळत, तसेच यष्टींच्या जवळचे क्षेत्ररक्षणही ते कुशलतेने करीत. अशा प्रकारे तिन्ही अंगांनी संघाला उपयोगी पडणारे ते अष्टपैलू खेळाडू होते.

कसोटी कारकीर्द : आरंभी संघातील त्यांचे स्थान निश्चित नव्हते. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे इंग्लंडविरुद्ध झालेल्या सामन्यासाठी त्यांना वगळण्यात आले होते; परंतु हेमू अधिकारी यांना दुखापत झाल्याने आयत्या वेळी त्यांना संधी मिळाली. तेथे त्यांनी नाबाद १३० धावा काढल्या. हे त्यांचे पहिले कसोटी शतक होय. विनू मंकड यांनी या सामन्यात १२ बळी घेतले आणि भारताने एक डाव व ८ धावांनी विजय मिळविला. भारताचा कसोटी क्रिकेटमधील हा पहिलाच विजय होता.

त्यानंतर काही महिन्यांतच झालेल्या इंग्लंडच्या दौर्‍यात त्यांच्या खेळातील उणीव उघड झाली. परगण्यांच्या व विद्यापीठांच्या संघांविरुद्ध त्यांनी धावांच्या राशी रचल्या. ऑक्सफर्ड विद्यापीठ, लँकेशर व केंट यांच्याविरुद्धच्या तीन द्विशतकांसह त्यांनी दौर्‍यात एकूण १,६८८ धावा जमविल्या. मात्र कसोटी सामन्यांतील सात डावांत त्यांना अवघ्या ४३ धावा करता आल्या. फ्रेड ट्रूमन या तरुण द्रुतगती गोलंदाजाने त्या मालिकेत २९ बळी घेतले. लीड्सच्या सामन्यात दुसर्‍या डावात एकही धाव फलकावर लागण्यापूर्वी भारताचे चार गडी बाद झाले होते. ट्रूमनच्या मार्‍यापुढे उम्रीगर यष्टींपासून दूर सरकतात, अशी टीका तेव्हा झाली आणि ती दीर्घकाळ त्यांच्या नावाशी जोडली गेली. वस्तुतः हा दोष एकट्या उम्रीगरांचा नव्हता. भारतातील संथ खेळपट्ट्यांवर आणि द्रुतगती गोलंदाजांच्या अभावी फलंदाजांना अशा मार्‍याचा सराव मिळत नसे.

या अपयशातून ते लवकर सावरले. १९५२ च्या अखेरीस पाकिस्तानविरुद्ध मुंबई येथे त्यांनी १०२ धावा काढल्या आणि १९५३ च्या वेस्ट इंडीज दौर्‍यात रामाधीन व व्हॅलेंटाइन या नामांकित फिरकी गोलंदाजांना तोंड देत पाच कसोटी सामन्यांत ५६० धावा केल्या. त्यांत पोर्ट ऑफ स्पेन येथील १३० व किंग्स्टन येथील ११७ धावांच्या शतकांचा समावेश होता. १९५४-५५ च्या पाकिस्तान दौर्‍यात पेशावर येथे त्यांनी शतक झळकाविले, तर बहावलपूर येथे ७४ धावांत ६ बळी मिळविले. ही त्यांची कसोटीतील सर्वोत्तम गोलंदाजी ठरली. नोव्हेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हैदराबाद येथे त्यांनी २२३ धावा काढल्या. कसोटी सामन्यात द्विशतक करणारे ते पहिले भारतीय होत.

त्याच मालिकेतील उरलेल्या चार सामन्यांसाठी त्यांच्याकडे कर्णधारपद आले. त्यांच्या नेतृत्वाखालील पहिल्याच सामन्यात मुंबई येथे विनू मंकड यांनी २२३ धावा काढून त्यांच्या विक्रमाशी बरोबरी केली, तर मद्रासच्या सामन्यात मंकड व पंकज रॉय यांनी पहिल्या जोडीसाठी ४१३ धावांची भागीदारी केली. हे दोन्ही सामने भारताने डावाने जिंकले. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तीन सामन्यांत व १९५८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या पहिल्या सामन्यात ते कर्णधार होते. एकूण आठ सामन्यांपैकी दोन त्यांनी जिंकले, दोन गमावले व चार अनिर्णित राहिले. १९५८-५९ च्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत गुलाम अहमद यांच्यानंतर मद्रासच्या सामन्यासाठी त्यांची पुन्हा नियुक्ती झाली. परंतु अंतिम अकरा खेळाडूंच्या निवडीबाबत क्रिकेट नियामक मंडळाशी मतभेद झाल्यामुळे सामना सुरू होण्याच्या तोंडावर त्यांनी कर्णधारपदाचा राजीनामा दिला. त्या एका मालिकेत भारताने चार कर्णधार पाहिले. राजीनामा देऊनही उम्रीगर खेळाडू म्हणून संघातच राहिले आणि पुढे आपल्यापेक्षा वयाने लहान असलेल्या कर्णधारांच्या हाताखालीही खेळले.

१९५९ च्या इंग्लंड दौर्‍यात मँचेस्टर येथे ११८ धावा काढून त्यांनी १९५२ मधील अपयशाची भरपाई केली. याच दौर्‍यात केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध काढलेल्या नाबाद २५२ धावा ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च धावसंख्या होय. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूर येथे भारताने ऑस्ट्रेलियावर पहिला कसोटी विजय मिळविला. त्याचे प्रमुख शिल्पकार जसू पटेल होते. मात्र दुसर्‍या डावात उम्रीगरांनीही २७ धावांत ४ बळी घेऊन मोलाची साथ दिली. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध त्यांनी तीन शतके काढली. पुढील वर्षी भारताने इंग्लंडविरुद्ध प्रथमच मालिका जिंकली, तीत कानपूर येथे त्यांनी नाबाद १४७ धावा केल्या.

१९६२ चा वेस्ट इंडीज दौरा : उम्रीगरांचा हा अखेरचा दौरा भारतीय संघाला अतिशय क्लेशदायक ठरला. बार्बेडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ याचा उसळता चेंडू डोक्यावर आदळून कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या कवटीस गंभीर इजा झाली. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदान करणार्‍यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्याबरोबर उम्रीगरही होते. काँट्रॅक्टर यांचे प्राण वाचले, पण त्यांची कसोटी कारकीर्द तेथेच संपली आणि कर्णधारपदाची धुरा एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे सोपविण्यात आली. भारताने पाचही कसोटी सामने गमावले.

या पार्श्वभूमीवर पोर्ट ऑफ स्पेन येथील चौथ्या सामन्यातील उम्रीगरांची कामगिरी उठून दिसते. त्या वेळी त्यांनी वयाची छत्तीस वर्षे पूर्ण केली होती. त्यांनी प्रथम १०७ धावांत ५ बळी घेतले. त्यानंतर वेस्ली हॉल याच्या भेदक मार्‍यापुढे भारताचा डाव कोसळत असताना ५६ धावा काढल्या आणि फॉलोऑननंतरच्या दुसर्‍या डावात नाबाद १७२ धावा केल्या. एकाच कसोटी सामन्यात शतक व डावात पाच बळी अशी कामगिरी त्यांच्यापूर्वी भारतीयांपैकी केवळ मंकड यांनी केली होती. सामना भारताने गमावला. पण द्रुतगती गोलंदाजीला घाबरणारा फलंदाज, या दहा वर्षांपूर्वीच्या टीकेला या खेळीने उत्तर मिळाले. पाठदुखीमुळे या दौर्‍यानंतर ते कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले.

प्रथम श्रेणीचे क्रिकेट : रणजी करंडक स्पर्धेत ते मुख्यतः मुंबईकडून व काही काळ गुजराततर्फे खेळले. १९५८-५९ पासून मुंबईने सलग पंधरा वर्षे हा करंडक जिंकला. या विजयमालिकेच्या प्रारंभीच्या काळात उम्रीगर मुंबई संघाचे आधारस्तंभ होते व त्यांनी संघाचे नेतृत्वही केले. असोसिएटेड सिमेंट कंपनीत ते नोकरीस होते आणि कार्यालयीन संघांच्या स्पर्धांत त्या कंपनीच्या संघाकडून खेळत. अशा संघांतून ज्येष्ठ कसोटीपटू व होतकरू खेळाडू एकत्र खेळत असल्याने मुंबईत अनौपचारिक प्रशिक्षणाची एक परंपराच निर्माण झाली होती.

मार्गदर्शक व प्रशासक : त्या काळी भारतीय संघाबरोबर प्रशिक्षक पाठविण्याची पद्धत नव्हती. प्रवास, निवास व हिशेब यांची व्यवस्था पाहणे, शिस्त राखणे, यजमान मंडळाशी बोलणी करणे आणि तरुण खेळाडूंना सल्ला देणे, ही सर्व कामे संघव्यवस्थापकाकडे असत. १९७६ मध्ये बिशनसिंग बेदी यांच्या नेतृत्वाखाली न्यूझीलंड व वेस्ट इंडीज येथे गेलेल्या संघाचे उम्रीगर व्यवस्थापक होते. पोर्ट ऑफ स्पेनच्या ज्या मैदानावर चौदा वर्षांपूर्वी त्यांची झुंज पराभवात संपली होती, तेथेच भारताने चौथ्या डावात ४ बाद ४०६ धावा करून सामना जिंकला. चौथ्या डावात इतक्या धावा करून कसोटी जिंकण्याची ही तोवरची पहिलीच वेळ होती.

या पराभवानंतर वेस्ट इंडीजने किंग्स्टनच्या पुढील सामन्यात द्रुतगती गोलंदाजांवर भर दिला. तेथील अनियमित उसळी असलेल्या खेळपट्टीवर त्यांनी उसळत्या चेंडूंचा भडिमार केला. अंशुमन गायकवाड यांच्या कानाजवळ चेंडू लागला, गुंडप्पा विश्वनाथ यांचे बोट मोडले व ब्रिजेश पटेल यांच्या तोंडाला जखम झाली. बेदी यांनी पहिला डाव ६ बाद ३०६ धावांवर घोषित केला. दुसर्‍या डावात पाच खेळाडू फलंदाजीस उतरूच शकले नाहीत आणि भारताचा डाव ९७ धावांवर संपला. शिरस्त्राणाचा वापर तेव्हा रूढ नव्हता. काँट्रॅक्टर यांचा अपघात पाहिलेल्या उम्रीगरांवर या वेळी जायबंदी खेळाडूंच्या सुरक्षिततेची व संघाची बाजू मांडण्याची जबाबदारी होती. पुढे १९७८ मध्ये ब्रिजटाउन येथे ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलप याने कसोटी सामन्यात प्रथमच शिरस्त्राण वापरले आणि १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांद्वारे उसळत्या चेंडूंच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली.

१९७७-७८ च्या ऑस्ट्रेलिया दौर्‍यातही ते व्यवस्थापक होते. भारताने ही मालिका २–३ अशी गमावली. तथापि मेलबर्न व सिडनी येथील विजय हे ऑस्ट्रेलियाच्या भूमीवरील भारताचे पहिले कसोटी विजय ठरले. १९७८ ते १९८२ या काळात ते राष्ट्रीय निवडसमितीचे अध्यक्ष होते. याच सुमारास बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर व वेंकटराघवन या फिरकी गोलंदाजांचे युग मावळत होते आणि संघाची नव्याने उभारणी करणे क्रमप्राप्त झाले होते. दिलीप दोशी, संदीप पाटील व रवी शास्त्री यांचे कसोटी पदार्पण याच काळातील होय. यांशिवाय भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे कार्यकारी सचिव व मुंबई क्रिकेट संघटनेचे सचिव म्हणून त्यांनी काम पाहिले. वानखेडे स्टेडियमच्या खेळपट्टीची देखभाल त्यांनी केली आणि क्रिकेटच्या प्रशिक्षणावर एक पुस्तकही लिहिले.

मूल्यमापन : कसोटी क्रिकेटमध्ये उम्रीगरांनी ४२·२२ च्या सरासरीने ३,६३१ धावा व १२ शतके काढली, ३५ बळी मिळविले व ३३ झेल घेतले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर १६,१५५ धावा, ४९ शतके व ३२५ बळी आहेत. कसोटीतील धावा व शतके यांचे त्यांचे भारतीय विक्रम १९७८ च्या सुमारास सुनील गावसकर यांनी मागे टाकले. भारतीय संघाने पराभव टाळण्यासाठी खेळावे, ही वृत्ती रूढ असण्याच्या काळात त्यांनी आक्रमक फलंदाजीचा आदर्श घालून दिला. द्रुतगती मार्‍यापुढील स्वतःची उणीव त्यांनी परिश्रमाने बरीचशी भरून काढली आणि निवृत्तीनंतर मैदानाच्या आखणीपासून संघनिवडीपर्यंत खेळाची सर्व अंगे सांभाळली. १९९० नंतर भारतीय संघासाठी ‘क्रिकेट व्यवस्थापक’ व पुढे वेतन घेणारा पूर्णवेळ प्रशिक्षक ही पदे निर्माण झाली. त्यांच्या कार्याची पायाभरणी उम्रीगरांसारख्या खेळाडू-व्यवस्थापकांनी केली होती.

भारत सरकारने १९६२ मध्ये पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. १९९८-९९ साठीचा कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कारही त्यांना लाभला. मुंबई येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वर्षातील सर्वोत्कृष्ट भारतीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूस २००६-०७ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देण्यात येतो. त्याचे पहिले मानकरी सचिन तेंडुलकर होत.