जुना कार्बोरेटर आणि नवें पेट्रोल

पुण्याहून सोलापूरच्या वाटेनें निघालें म्हणजे हडपसर मागें टाकल्यावर थोड्याच वेळांत लोणी काळभोर लागतें. तेलकंपन्यांचीं मोठीं आगारें येथें आहेत, आणि रस्त्यावर टँकरांची ये-जा नित्याची आहे. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें काम हल्लीं अशाच आगारांतून होतें. उसाची मळी, उसाचा रस किंवा धान्य यांपासून काढलेला हा मद्यार्क होय. शेंकडा २० भाग इथेनॉल असलेलें पेट्रोल आपल्या देशांत २०२३ च्या फेब्रुवारींत विक्रीस आलें, आणि २०२५ पर्यंत तें बहुतेक सर्वत्र रूढ झालें. परदेशी तेलावरचा खर्च कमी व्हावा हा त्यामागील हेतु. परंतु ज्या घरीं वडिलांच्या वेळची मोटारसायकल अजून जपून ठेवली आहे, त्या घरीं यामुळें एक लहानसा प्रश्न उभा राहिला आहे.

लोणीस माझ्या भाच्याकडे अशी एक गाडी आहे. थंडीच्या दिवसांत ती सकाळीं सुरू होईना. सुरू झालीच तर मूठ पिळतांच गुदमरे, आणि एकदां तर मागून टँकर येत असतां ऐन हमरस्त्यावर बंद पडली. तेव्हां हा केवळ हौसेचा प्रश्न राहिला नाहीं.

कार्बोरेटरचें तत्त्व सोपें आहे. अरुंद गळ्यांतून हवा वेगानें वाहूं लागली कीं तेथील दाब उतरतो. इटलीच्या व्हेंतुरी या शास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या अखेरीस या गोष्टीचा अभ्यास केला, आणि १८९३ मध्यें जर्मनीच्या मायबाख यानें त्याच तत्त्वावर पेट्रोलचे तुषार उडविणारा कार्बोरेटर तयार केला. पेट्रोल किती यावें हें पितळेच्या बारीक तोट्यांवर अवलंबून असतें. त्यांस कारागीर ‘जेट’ म्हणतात. गाडी उभी असतां व मूठ थोडी पिळली असतां ‘पायलट’ जेट काम करतो. मधल्या टप्प्यांत निमुळती सुई प्रमाण राखते. आणि मूठ पाऊण ते पूर्ण पिळल्यावर ‘मेन’ जेटचा अंमल सुरू होतो.

आतां अडचण अशी कीं, हें यंत्र भोंकाच्या मापानें पेट्रोल देतें; त्यांत काय मिसळलें आहे हें त्यास उमगत नाहीं. एक किलो निर्भेळ पेट्रोल जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते. आणि या नव्या मिश्रणास सुमारे १३.५ किलो. भोंक तेंच राहिलें तर हवा जवळजवळ ९ टक्के जास्त होते. यालाच मिश्रण ‘लीन’ झालें असें म्हणतात. मग इंजिन तापतें, मूठ सोडतांच नळींतून फटफट आवाज येतो, आणि फार दिवस दुर्लक्ष केल्यास व्हॉल्व्ह व दट्ट्या यांना इजा पोंचते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले व नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहींसा झाला. तेथें धुरांतील प्राणवायु मोजून पेट्रोलचें प्रमाण आपोआप बदलतें. जुन्या गाडीसाठीं हें काम माणसानेंच केलें पाहिजे.

येथें माझी एक चूक सांगतों. भाच्याची तक्रार ऐकतांच मीं मोठा मेन जेट बसवून दिला. आठ दिवसांत प्लग काजळीनें काळा झाला, पण गाडी सकाळीं सुरू होण्याचें नांव घेईना. शेवटीं पाहतों तों कार्बोरेटर व इंजिन यांना जोडणाऱ्या रबराला बारीक चीर गेलेली! तींतून चोरटी हवा आंत शिरत होती. म्हणून आधीं रबर, हवेची जाळी व प्लग तपासावे, आणि मगच जेटला हात लावावा.

काम उघड्या हवेंत, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर करावें. देवघरांतील समई किंवा स्वयंपाकघरांतील शेगडी जवळ असूं नये. कॉक बंद करून खालच्या वाटींतील पेट्रोल काढावें. वाटीच्या तळाशीं पाण्याचे थेंब किंवा पांढरी भुकटी दिसली तर नवल नाहीं. इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली कीं तें तेथें सांचतें. सुटे भाग पांढऱ्या ताटांत काढलेल्या क्रमानें मांडावे. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वीं तो पूर्ण बसेपर्यंत किती फेरे होतात हें लिहून ठेवावें. जेटच्या भोंकांत तार घालूं नये. पितळ मऊ असतें, माप बिघडतें. फुगलेलें रबरी कडें पुन्हां वापरूं नये, आणि फ्लोटची उंची गाडीच्या पुस्तकाप्रमाणें ठेवावी.

आतां जेट किती मोठा घ्यावा? पुष्कळ जेटांवरील अंक भोंकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. कांहींवर मात्र तो प्रवाहाचा असतो. व्यासाचा अंक ९० असेल तर ९२.५ च्या भोंकाचें क्षेत्र सुमारे साडेपांच टक्के वाढतें, ९५ च्या भोंकाचें सुमारे साडेअकरा टक्के. मूळ जेट समुद्रसपाटीच्या हिशेबानें बसविलेला असेल, तर पुणें सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळें येथील विरळ हवेनें तीनेक टक्क्यांची तूट आधींच भरून निघते. म्हणून पहिली पायरी लहानच घ्यावी. एका वेळीं एकच बदल करावा, म्हणजे कशाचा परिणाम काय हें कळतें.

जोडणी झाल्यावर कॉक उघडून पांच मिनिटें वाट पाहावी. कोठें थेंब गळत नाहीं अशी खात्री झाल्यावरच गाडी सुरू करावी. मग मोकळ्या रस्त्यावर थोडें चालवून प्लग पाहावा. विटकरी रंग असेल तर माप जमलें. पांढुरका असेल तर पेट्रोल कमी, काजळी असेल तर जास्त. शेवटीं धुराची तपासणी करून घ्यावी. कारण काळा धूर शेजाऱ्याच्याहि छातींत जातो.

आम्हीं रबर बदललें, जुना जेट परत घातला, आणि मग एकच पायरी वर गेलों. आतां भाचा सकाळीं सोलापूर रस्त्याला लागतो तेव्हां त्याची आई दारांत उभी राहत नाहीं.