चौकट : अंटार्क्टिकावर बर्फ किती साचतो?

शिरवळच्या पर्जन्यमापकात पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये मोजून नोंदवहीत लिहिता येतो. अंटार्क्टिकावर हे साधत नाही. वारा भांड्यातला हिम उडवून नेतो, नाहीतर दुसरीकडचा आणून टाकतो.

म्हणून तिथे खांब रोवतात. वर्षभराने खांबाची उघडी उंची किती कमी झाली ते पाहायचं आणि तिला हिमाच्या घनतेने गुणायचं. घनमीटरला ३५० किलो घनता असेल, तर मीटरभर हिमाचं पाणी होतं जेमतेम ३५ सेंटिमीटर.

जुना हिशेब मात्र खोलात दडलेला असतो. त्यासाठी बर्फाचे लांब दंडगोल काढतात. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात ते उणे २० अंशांना ठेवून तपासले जातात. त्यात तारखा कुठून येतात? इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ मधला उद्रेक बर्फात गंधकाम्लाचा थर सोडून गेला. अणुचाचण्यांचा किरणोत्सारी अंशही १९६० च्या दशकातल्या थरांत सापडतो. ओळखीच्या दोन थरांमधल्या बर्फाचं वजन भागिले मधली वर्षं, की वार्षिक सरासरी निघते.

एक दंडगोल म्हणजे एकच ठिकाण, ही यातली खरी अडचण. वाऱ्यामुळे थोड्या अंतरावरही आकडा बदलतो. मधली जागा रडार आणि हवामानाची प्रारूपं भरून काढतात.

या साऱ्यातून निघणारी खंडाची सरासरी? वर्षाला अवघं १५ ते २० सेंटिमीटर पाणी. साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातही सरासरी याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो.