कोरड्या भूप्रदेशातील नगर : खडकी आणि नहर-ए-अंबरी

मराठवाडा वाळवंट नसला तरी पर्जन्यछायेचा प्रदेश व कठीण बेसाल्ट खडक यांमुळे येथे पाणी दुर्मीळच राहिले आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीस (आजचे छत्रपती संभाजीनगर) खाम नदीचा हंगामी प्रवाह पुरेसा नव्हता. म्हणून उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी झिरपणारे भूजल भूमिगत नहरीद्वारे नगरात आणण्यात आले. शहागंज मशिदीच्या हौदासही पुढे हे पाणी मिळे. उतारामुळे ते आपोआप वाहत असे. आज जायकवाडीचे पाणी विजेने उपसून शहरात आणावे लागते. नहरीचा स्रोत मात्र डोंगरातील झिरपणीवर अवलंबून असल्याने पायथ्यावरील बांधकामे व विंधनविहिरी तो क्षीण करतात. तात्पर्य, नहरीच्या जतनाचा प्रारंभ डोंगरांच्या संरक्षणापासूनच व्हावयास हवा.