अभियंता आणि खेड्यातील वर्ग

त्रिकोणी चौकट डळमळत नाही, हे अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु ते अकरा वर्षांच्या मुलाच्या प्रत्ययास कसे आणून द्यावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षणास आरंभ झाला. कानपूरच्या आय. आय. टी.चे पदवीधर अभियंते अरविंद गुप्ता हे १९७८ साली कारखान्यातील नोकरीतून रजा घेऊन तेथे गेले. आठवडी बाजारात मिळणाऱ्या काडेपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब यांतून त्यांनी जोडणीचे साहित्य सिद्ध केले.

ट्यूबच्या लहानशा तुकड्याच्या दोन्ही तोंडांत, गूल खरवडलेली एकेक काडी खुपसली की लवचीक सांधा तयार होतो. असा चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलताच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र आकार सोडीत नाही. छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे मग मूल आपणच सांगते. चौकोनास कर्ण जोडू जावे तर काडी तोकडी पडते! येथे १.४१ हा आकडा सांगून टाकण्याचा मोह अभियंत्यास अनावर होतो. तो आवरून मुलाच्या हाती दोरा व मोजपट्टी देणे, हीच त्याच्या शिक्षकपणाची खरी उमेदवारी होय.

शासनाने २००२ साली तो कार्यक्रम बंद केला. काड्यांचे त्रिकोण आजही अनेक शाळांतून केले जातात.