दूध-अंड्याचे पेय शिजवूनच घ्यावे

थंडीच्या दिवसांत शरीरास ऊब व ताकद देणाऱ्या आहाराला सर्वच देशांत महत्त्व दिले जाते. आपल्याकडे या सुमारास डिंकाचे व मेथीचे लाडू होतात. इंग्लंड व अमेरिकेत नाताळच्या सणाला ‘एगनॉग’ नावाचे पेय करतात. दूध, अंडी, साखर आणि जायफळ हे त्याचे मुख्य घटक होत. हे चारही पदार्थ आपल्या शेतकऱ्याच्या घरी किंवा गावच्या बाजारात मिळतात. दुधात अंडे घालून पिण्याची रीत आपल्या तालमींनाही नवी नाही. मात्र तिकडच्या जुन्या पद्धतीत आणि आपल्या तालमीच्या रीतीत एक दोष सारखाच आहे. तो म्हणजे अंडे कच्चे घेणे. हा दोष काढून टाकला, तर हेच पेय लहानथोरांस उपयोगी पडेल. ते कसे करावे व का शिजवावे, याची माहिती येथे दिली आहे.

पेयाची पूर्वपीठिका

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गरम दुधात मद्य घालून ‘पॉसेट’ नावाचे पेय करीत असत. पुढे त्यात अंडी येऊ लागली. अठराव्या शतकात अमेरिकेतील वसाहतींत ही पद्धत रुजली. तेथे शेतावर गाई व कोंबड्या असत आणि कॅरिबियन बेटांवरून येणारी रम स्वस्त मिळे. तेव्हापासून एगनॉग हे नाताळचे पेय म्हणून रूढ झाले. जुन्या पद्धतीत पिवळा बलक साखरेसह घोटून दुधात मिसळीत, पांढरा बलक फेसून वर घालीत आणि वरून जायफळ किसून टाकीत. यात विस्तवाचा संबंध बहुधा येतच नसे.

मद्याने या पेयाचे काही भले झाले नाही. 1826 साली अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी शाळेत विद्यार्थ्यांनी एगनॉगसाठी चोरून दारू आणली. 24 व 25 डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री तेथे मोठा दंगा झाला आणि त्यापायी काही विद्यार्थ्यांना शाळा सोडावी लागली. दारूमुळे जंतू मरतात, म्हणून कच्चे अंडे चालते, अशी काहींची समजूत असते. परंतु ताज्या मिश्रणात घातलेल्या थोड्याशा दारूने जंतूंचा नाश होईल, असा भरवसा धरता येत नाही. खाली दिलेल्या कृतीत मद्य मुळीच नाही आणि त्यावाचून चवीत काही उणे पडत नाही.

कच्च्या अंड्यातील धोका

‘साल्मोनेला’ नावाचे जंतू कोंबडीच्या आतड्यात राहतात. विष्ठेचा डाग लागलेल्या किंवा तडा गेलेल्या कवचातून ते अंड्यात शिरतात. त्यांचा एक प्रकार कोंबडीच्या अंडाशयातच वस्ती करतो, त्यामुळे कवच तयार होण्यापूर्वीच जंतू अंड्याच्या आत पोहोचतात. असे अंडे बाहेरून स्वच्छ, ताजे आणि निर्दोष दिसते. त्याच्या वासात किंवा रंगातही फरक पडत नाही. म्हणून अंडे आपल्या परसातील कोंबडीचे आहे, एवढ्यावरून ते कच्चे घेणे निर्धोक ठरत नाही.

हे जंतू पोटात गेल्यावर साधारणपणे सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही जुलाब, ताप व पोटात कळा सुरू होतात. धट्टाकट्टा माणूस बहुधा यातून बरा होतो. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया व आजारातून उठलेली माणसे यांना मात्र हा विकार जड जातो. आणि पौष्टिक म्हणून दूध-अंडे आपण नेमके यांनाच आग्रहाने पाजतो.

या प्रश्नाला व्यवसायाची बाजूही आहे. डिसेंबर 1988 मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यातील उपमंत्री एडविना करी यांनी देशातील बहुतेक अंडी साल्मोनेलाने दूषित असल्याचे विधान केले. अंड्यांची विक्री एकदम कोसळली, कुक्कुटपालकांचे मोठे नुकसान झाले आणि त्यांना स्वतःला राजीनामा द्यावा लागला. पुढे 1998 पासून तेथे कोंबड्यांना लस टोचून तयार केलेल्या अंड्यांवर सिंहाची मोहोर उमटविण्याची व्यवस्था झाली. 2017 साली तेथील अन्न खात्याने केवळ अशा मोहोरेची अंडी मुलांनी, गरोदर स्त्रियांनी व वृद्धांनी कच्ची किंवा अर्धकच्ची घेण्यास हरकत नाही, असे जाहीर केले. गेलेला विश्वास परत मिळविण्यास किती वर्षे लागली, हे कुक्कुटपालकांनी ध्यानात घ्यावे. ही सवलत आपल्या परसातील किंवा बाजारातील अंड्यांना मात्र लागू करता येत नाही.

ताकद कच्च्यात की शिजवलेल्यात?

कच्च्या अंड्याने अधिक ताकद येते, असे पुष्कळ पैलवान मानतात. 1998 साली बेल्जियममधील संशोधकांनी थोड्या व्यक्तींवर केलेल्या एका पाहणीत निराळेच आढळले. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे 91 टक्के प्रथिने शरीरात पचली, तर कच्च्या अंड्यातील सुमारे 51 टक्केच पचली. म्हणजे कच्चे अंडे घेणाऱ्याच्या पदरी त्यातील जवळजवळ निम्मी प्रथिने पडत नाहीत. याखेरीज कच्च्या पांढऱ्या बलकात ‘अ‍ॅव्हिडिन’ नावाचे द्रव्य असते. ते बायोटिन या जीवनसत्त्वास बांधून ठेवते. शिजविल्याने त्याचा हा गुण नाहीसा होतो.

पेल्यात अंडे फोडून त्यावर गरम दूध ओतले की ते शिजते, असेही पुष्कळांना वाटते. याचा हिशेब सोपा आहे. 80 अंश सेल्सियस उष्णतेचे 200 मिलिलिटर दूध आणि 22 अंशांचे 50 ग्रॅम अंडे एकत्र केल्यास मिश्रणाची उष्णता सुमारे 68 अंश होते. त्यातून पेलाही काही उष्णता शोषून घेतो. अंडे व दूध यांचे मिश्रण निर्धोक होण्यासाठी ते सर्व भागांत 71 अंशांपर्यंत तापले पाहिजे. म्हणून ते चुलीवरच शिजवावे.

साहित्य व कृती

सहा-सात पेल्यांसाठी दूध 1 लिटर, अंडी 6, साखर 100 ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि किसलेले जायफळ पाव चमचा घ्यावे.

1. प्रथम दूध उकळून घ्यावे व वाफ निघत राहील इतपत निवू द्यावे. न तापविलेले दूध वापरू नये.

2. प्रत्येक अंडे वेगळ्या वाटीत फोडून पाहावे व मग पातेल्यात घ्यावे. त्यात साखर व मीठ घालून बलक एकजीव होईपर्यंत घुसळावे.

3. अंड्यात गरम दूध एकेक पळी घालून सारखे ढवळत राहावे. दूध एकदम ओतल्यास अंड्याच्या गुठळ्या होतात.

4. एका मोठ्या भांड्यात पाणी तापवून त्यावर हे पातेले ठेवावे व मंद आचेवर तळापासून ढवळावे. मिश्रण दाटसर होऊन पळीच्या पाठीवर त्याचा थर बसू लागला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, म्हणजे ते शिजले असे समजावे. उष्णतामापक असल्यास 71 अंश गाठल्याची खात्री करावी.

5. मिश्रणास उकळी येऊ देऊ नये, कारण त्याने ते फाटते. फाटलेच तर फेकू नये, गाळून घ्यावे.

6. खाली उतरवून स्वच्छ फडक्यातून गाळावे, जायफळ घालावे व गरमच प्यावयास द्यावे.

जायफळ बेतानेच घालावे. जास्त प्रमाणात ते अपायकारक असते. कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत जायफळाचे आंतरपीक घेता येते. त्यासाठी दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ ही जात दिली आहे.

घ्यावयाची काळजी

अंडी स्वच्छ व अखंड कवचाची निवडावीत. पाण्यात टाकल्यावर तळाशी आडवे राहणारे अंडे ताजे आणि तरंगणारे जुने समजावे. मात्र ही परीक्षा ताजेपणाची आहे, जंतूंची नाही. कोंबड्यांच्या खुराड्यातील पेंढा कोरडा ठेवून अंडी रोज गोळा करावीत. कच्चे अंडे हाताळल्यावर हात व भांडी साबणाने धुवावीत.

तयार पेय दोन तासांत संपवावे. थंड हवे असल्यास पातेले गार पाण्यात ठेवून लवकर निववावे, झाकून फ्रीजमध्ये ठेवावे व दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे. एक वर्षाखालील बालकांस व ज्यांना अंडे किंवा दूध सोसत नाही त्यांना ते देऊ नये. मधुमेही व्यक्तींनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. कच्चे अंडे घेतल्यानंतर जुलाब व ताप सुरू झाल्यास जलसंजीवनीचे पाणी द्यावे व रुग्णास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व अंगणवाडी सेविकांनी महिला बचत गटाच्या बैठकीत याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. गरम दुधात नुसते फोडलेले अंडे आणि चुलीवर शिजवलेले मिश्रण या दोहोंत उष्णतामापक बुडवून आकडे सर्वांना वाचावयास सांगावे. असेच प्रात्यक्षिक गावच्या तालमीतही करावे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. ती पुरतेपणी अंगी लागावीत आणि त्यांबरोबर आजार घरात येऊ नये, यासाठी पातेल्याजवळ दहा मिनिटे उभे राहण्याचे श्रम फार नाहीत.